जावईबापूंच्या गैरहजेरीत त्यांची हळद

बाळकुम, ठाणे
मंगळवार, सकाळ

सन्माननीय जावईबापू रत्नदीपराव यांस,

बाळकुमहून तुमचे सासरे भिवा पाटील यांचा नमस्कार आणि आशीर्वाद. (तुम्ही वयाने लहान आणि मानाने मोठे, त्यामुळे या दोन्हींतलं नेमकं काय पाठवावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जे लागू पडेल ते ठेवून घ्यावे.) इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. माझा गुडघा बसताना बोलतो, उठताना बोलतो, एरवी गप्प असतो. तुमच्या सासूबाईंची तब्येत उत्तम आहे, पण त्या अजिबात बोलत नाहीत. त्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे आणि पुढे ओघात येईलच. अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? मंदाकिनीताईंना सांगावे की त्यांचं लिंबाचं गोड लोणचं पोचलं आणि संपलं. उलट भेट म्हणून मी करंदी (बारीक सुकी कोळंबी) बांधून ठेवली होती, पण तुमच्या घरात ती चालत नाही म्हणून कल्पिताने ती पिशवीतून काढून वालाच्या शेंगा भरल्या. गोड मानून घ्याव्यात.

पत्रास कारण असे की, गेल्या गुरुवारी संध्याकाळी, तुम्ही बंगळुरूच्या ऑफिसात बसलेले असताना, इकडे बाळकुमात तुमची हळद झाली. वधू तीच होती, तेव्हा घाबरण्याचं कारण नाही. कल्पिताने फोनवर काही सांगितलं असेल, पण ती रडू आलं की मधलं गाळते आणि हसू आलं की शेवट गाळते, म्हणून सगळा प्रकार रीतसर लेखी कळवतो. (फोनवर मीही सांगितला असता, पण फोनवर तुम्ही 'हो बाबा, हो बाबा' म्हणता आणि मागून टाइप केल्याचा आवाज येत असतो.) पत्र डोंबिवलीच्या पत्त्यावर टाकतो आहे, म्हणजे परत आलात की चपला काढायच्या आधी हातात पडेल. आणि सुरुवात आभारांनी करतो, कारण घोळ कितीही झाला तरी मूळचा उपकार तुमचा आहे आणि उपकार विसरणाऱ्यांतला मी नव्हे.

तुम्ही डोंबिवलीच्या शिकल्या-सवरल्या घरातले, तुमच्याकडे लग्न भटजी लावतात. आमच्या आगरी लोकांत पूर्वी ते धवलारीण लावायची. मांडव घालण्यापासून पोरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं. त्या गाण्याला धवला म्हणतात, आणि धवलारीण पुढ्यात बसल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळदीचं बोट लागत नसे. आता भटजी आले आणि भटजींच्या मागून आमच्या विकीचा डीजे साउंडही आला, तरी बाळकुमात हळद ठरली की पहिलं आवतण अजून तुळसाकाकूला जातं. तुळसाकाकू म्हणजे तुमच्या सासूबाई. हिची गाण्यातली जोडीदारीण देवाघरी गेल्यापासून सगळे धवले एकट्या हिच्या डोक्यात उरले होते, आणि त्या डोक्यात कपाटाची किल्ली कुठे ठेवली हे राहत नाही, धवले मात्र राहतात. (एवढं वाक्य तिला वाचून दाखवणार नाही.)

मी वागळे इस्टेटच्या कारखान्यात जन्मभर स्टोअरकीपर. निवृत्त झालो आणि हाताला चाळा म्हणून घरच्या डब्यांना नंबर द्यायला घेतले. हळदीच्या डब्यावर 'ह-३' बघितलं त्या दिवशी हिने कल्पिताला फोन करून सांगितलं की तुझ्या बापाला कायतरी काम दे, नायतर मी त्यालाच नंबर देते. म्हणून कल्पिताने मला ब्लॉग उघडून दिला. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. ही मासळी साफ करता करता गायची, मी पिठाच्या डब्यावर फोन ठेवून रेकॉर्ड करायचो आणि मग एका बोटाने टाइप करायचो. प्रत्येक धवल्याच्या आधी मी चार शब्दांची प्रस्तावना जोडत असे. (कल्पिताच्या मते प्रस्तावना धवल्यापेक्षा लांब असते आणि तिच्यात माझा गुडघा येतो. गुडघा माझा, ब्लॉग माझा.) एकदा मी हिला म्हटलं, नवरीच्या जागी 'अमुक' आणि नवऱ्याच्या जागी 'तमुक' म्हण, म्हणजे पुढे कुणालाही वापरता येईल. ही बोंबलाचं डोकं उडवत म्हणाली, "नावाबिगर धवला आसतंय का कुठं? नवरी कोन, नवरा कोन, देवाला कलाया नको?" आणि तोंडात आली ती दोन नावं घालून तिने गाणं पुरं केलं. कल्पिता आणि रत्नदीप. मला वाटलं घरातली नावं आहेत, चटकन सुचली असतील. स्टोअरमध्ये नमुन्याच्या पावतीवर आम्ही साहेबांचंच नाव लिहायचो, तसंच हे. पुढच्या धवल्यात तीच नावं आली, त्याच्या पुढच्यातही तीच, आणि मी मुकाट्याने टाइप करत गेलो.

आता ब्लॉगचा कारभार तुम्हाला ठाऊक आहे. नवीन वर, जुनं खाली. घरोघरच्या पोरी फोन करायच्या की काका, तेलाचं गाणं कुठाय, आणि मी सांगायचो की माझ्या गुडघ्याला सुई दिली त्या नोंदीच्या थोडं आधी, गणपतीच्या नोंदीनंतर. तोवर तिकडे नवरीच्या अंगावर तेल वाळून जाई. अशा वेळी तुम्ही एका रविवारी वालाचं बिरडं जेवून लॅपटॉप उघडलात आणि चहा यायच्या आत सगळ्या नोंदींचा एक तक्ता मांडून दिलात. एका रकान्यात गाण्याचं नाव, दुसऱ्यात विधी, तिसऱ्यात तारीख, आणि वर शोधायची लांबट चौकट. शब्द टाकावा आणि तेवढीच गाणी समोर यावीत. शिवाय शीर्षकात नसलेला शब्दसुद्धा ती चौकट आतल्या मजकुरातून उपसून काढते. जावईबापू, मी जन्मभर स्टोअर सांभाळलं, पण मागितलेली वस्तू मागणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या हातून कधी दिली गेली नव्हती. त्या दिवशी मी तुम्हाला तोंडावर काही बोललो नाही, कारण जावयाची तोंडावर स्तुती केली की तो पुढच्या वेळी उशिरा येतो. आज लिहून टाकतो की मला फार अभिमान वाटला.

अडचण एवढीच झाली की तक्ता एका पानावर दहाच गाणी दाखवतो. हिने दहा बघितली, खाली काही नाही, आणि तिची समजूत झाली की जावयाने आवडली ती दहा ठेवून बाकीची टाकून दिली. संध्याकाळपर्यंत तिने तुमचं नाव घेतलं नाही. (तुम्हाला निघताना पुरणपोळी मिळाली नव्हती, आठवत असेल.) खालचा 'पुढे' हा शब्द दाबला की पुढची दहा येतात हे मी करून दाखवलं, तेव्हा तुमची सुटका झाली आणि पुरणपोळी दुसऱ्या दिवशी मला मिळाली.

त्यानंतर हिचा घसा बसला. गावातल्या काढ्यांनी तो आणखी बसला. शेवटी डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं तर आवाजाच्या पडद्यावर गाठ. गाठ साधीच निघाली, देवाची कृपा, आणि काढलीही. पण डॉक्टरांनी बजावलं की मी सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. घरात शांतता झाली तर मला बरं वाटेल असा सगळ्यांचा समज होता. पहिल्याच दिवशी मी आंघोळीला गेलो आणि बाहेरून कुणी ओरडलं नाही, तर मला पाणी कधी बंद करायचं ते कळेना.

लिहून दाखव म्हटलं तर ही म्हणे चौथीनंतर हातात पेन्सिल धरलेली नाही. म्हणे म्हणजे तसा हात केला. मोबाइलवर बाकीच्या बायका माईक दाबून बोलतात, पण हिला बोलायचीच बंदी. पण तुम्ही तिच्या फोनवर तक्त्याचं चिन्ह पहिल्याच पानावर ठेवलं होतंत, आणि ती चौकट तिला ओळखीची होती. तिने त्यात एक एक अक्षर हुडकून 'चहा' असं लिहिलं आणि फोन माझ्या तोंडापुढे धरला. खाली तक्त्याने उत्तर दिलं: काही आढळले नाही. चहा मी केला. त्या दिवसापासून आमच्या घरातलं सगळं बोलणं तुमच्या चौकटीतून होतं. 'मीठ' लिहिलं की आमटी अळणी, आणि खाली मिठागराचे दोन धवले. 'पानी' लिहिलं की मोटर लावा. 'गुडगा' लिहिलं तेव्हा मला वाटलं ही माझी विचारपूस करते आहे, तर खाली माझ्या सगळ्या प्रस्तावना ओळीने आल्या आणि तिने कपाळावर हात मारला. एकदा ती नुसतीच बसली होती, आणि चौकटीत 'आवाज' असं लिहिलं होतं. ते तिने मला दाखवलं नाही, मीच मागून पाहिलं. हा आवाज परत येईल का, हा प्रश्न घरात कुणी काढत नव्हतं, आणि तिने तो काढला तर तुमच्या तक्त्यापाशी.

अशात माझ्या धाकट्या भावाच्या जागृतीचं लग्न ठरलं. मुलगा दिवा गावचा, नाव दिपेश, घर आमच्यासारखंच आगरी आणि रीतभातीला कडक. हळद तुळसाकाकूशिवाय कशी होणार म्हणून भाऊ तोंड पाडून बसला. पोरी म्हणाल्या, काका, तक्ता आहे की, आम्ही फोनवर बघून म्हणू. हिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही, पण सोयीचं ते आम्ही धरलं. विकीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, टेन्शन नको. धवले होईपर्यंत साउंड ऑफ. पण संपले की मला बोला, मग मी बेस सोडतो." मी त्याला संपल्यावर सांगायचं कबूल केलं.

हळद बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये होती. तिथे फरशी खोदता येत नाही, म्हणून मुहूर्तमेढ रंगाच्या बादलीत वाळू भरून उभी केलेली. जागृती पाटावर बसली. दिव्याहून नवऱ्याची आत्या आणि चार बायका हळदीचं ताट घेऊन आल्या. ही पुढे प्लास्टिकच्या खुर्चीत, हातात फोन. आमच्या पोरींनी तक्ता उघडला, एकीचा अंगठा वरच्या मथळ्यावर पडला आणि सगळी गाणी अक्षराच्या क्रमाने उलटीपालटी झाली. सगळ्यात वर आलं 'आईचा उंबरा सुटला'. पोरींनी तेच जोरात सुरू केलं. ते पाठवणीचं आहे. हळद कालवायची बाकी, आणि म्हाताऱ्या बायकांनी सवयीने पदर डोळ्याला लावून रडायला घेतलं. जागृतीही रडायला लागली. हिने खुर्चीच्या हातावर थापा मारल्या, चौकटीत 'मांडव' लिहिलं आणि हवालदार हात धरतो तसा फोन वर धरला. पोरींनी शोधलं, सापडलं, म्हटलं. मग हिने 'देव' लिहिलं, देवांना आवतणं गेली. त्या गाण्यांत नुसतं घराण्याचं नाव येतं, त्यामुळे निभावलं. मला वाटलं, झालं, आता काळजी नाही.

मग हिने 'हळद' लिहिलं. पोरींनी सूर लावला आणि पहिल्याच ओळीत नवरी आली कल्पिता, दुसऱ्या ओळीत नवरा आला रत्नदीप. पोरी बघून म्हणत होत्या आणि बघून म्हणणाऱ्याचं लक्ष अक्षरांकडे असतं, अर्थाकडे नसतं. तिसऱ्या कडव्याला दिव्याची आत्या उठून उभी राहिली. "कोन हाय ह्यो रत्नदीप? आमचे पोराचं नाव दिपेश. कुनाची हलद कुनाला लावताव?" गाणं बंद पडलं. मी पुढे होऊन म्हटलं की रत्नदीप हा नमुना आहे. त्याने गैरसमज वाढला. आत्याने हळदीचं ताट उचलून कमरेला लावलं आणि दिव्याच्या बायका चपला शोधायला लागल्या. माझा भाऊ माझ्याकडे असा बघत होता की वाटणीच्या वेळीसुद्धा त्याने माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. (इथे थोडा दोष तुमचाही आहे, रागावू नका. तुम्ही एवढा सुंदर तक्ता केलात, पण आतला एकही धवला वाचला नाहीत हे त्या क्षणी पार्किंगमध्ये सिद्ध झालं. वाचला असतात तर स्वतःचं नाव ओळखलं असतंत.)

खरं बोलणारी बाई एकच होती आणि तिला बोलायची बंदी होती. ही खुर्चीतून उठली. फोनवर अक्षरं हुडकत चौकटीत 'कल्पिता' लिहिलं आणि फोन आमच्या कल्पिताच्या हातात दिला. कल्पिताने बघितलं. एरवी शब्द टाकला की तक्ता आखडतो. या वेळी तो जरासुद्धा कमी झाला नाही. जवळजवळ सगळीच गाणी जागच्या जागी राहिली. तिने खालचा 'पुढे' दाबला, पुन्हा 'पुढे', पुन्हा 'पुढे'. तेलाचं गाणं कल्पिताचं, चुड्याचं कल्पिताचं, हळदीचं, पाठवणीचं, सगळी तिचीच. मग ती म्हणाली, "आई, हे सगळं तू माझ्यासाठी गायलेलीस?" हिने मान हलवली, आणि या वेळी ती हो म्हणून हलवली आहे हे सगळ्यांना कळलं.

तुम्हाला आठवत असेल, तुमचं लग्न त्या टाळेबंदीच्या वर्षात डोंबिवलीला तुमच्या गच्चीवर झालं. मोजकी माणसं, तोंडाला फडकी, हळदीचा नुसता टिळा. ही इकडे ताप अंगात घेऊन बंद खोलीत, व्हिडिओवर लग्न बघत होती. अख्ख्या बाळकुमच्या पोरींना जिने गाऊन सासरी पाठवलं, तिच्या स्वतःच्या पोरीला गाण्यावाचून जावं लागलं. त्यात कुणाचाच दोष नव्हता, म्हणून कुणी त्याबद्दल बोललं नाही, आणि मला वाटलं ती विसरली. ती बोंबील साफ करता करता माझ्यासमोर रोज पोरीचं लग्न लावत होती, आणि मी नमुना समजून टाइप करत होतो.

हे मी दिव्याच्या आत्याला जमेल तसं सांगितलं. आत्याने सगळं ऐकून घेतलं, ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "मंग बसवा तिलापन पाटावं. हलद काय कमी नाय पडाची." आणि पहिली हळद तिने जागृतीला लावली, दुसरी कल्पिताला. पोरींनी धवला पुन्हा पहिल्यापासून धरला, जागृती आणि दिपेशची नावं घालून. 'रत्नदीप'च्या चालीत 'दिपेश' आखूड पडतो, म्हणून त्या 'दिपेऽऽश' असं ओढत होत्या, आणि तरी दोन ठिकाणी तुम्ही आलातच. त्या दोन्ही वेळी आत्याने हसून कल्पिताच्या गालाला बोट लावलं. माझं लक्ष हिच्याकडे होतं. तिचे ओठ सबंध वेळ हलत होते, आवाज अजिबात नव्हता, आणि एकही शब्द चुकत नव्हता. विकी बिचारा स्पीकरवर हात ठेवून उभाच राहिला. त्याला सांगायला मी साफ विसरलो.

तर जावईबापू, तुमचे आभार मानायला माझ्याकडे स्टोअरकीपरचे शब्द आहेत, ते कमी पडतात. चहाच्या आत केलेल्या तुमच्या त्या तक्त्याने जागृतीची हळद तारली, मुक्या बाईला बोलतं ठेवलं, आणि माझ्या पोरीला तिची गाणी पोचती केली. देव तुम्हाला भरपूर आयुष्य देवो आणि थोडं वाचनाचं वेड देवो. अण्णांना व मंदाकिनीताईंना नमस्कार, वालाच्या शेंगा लवकर मोडाव्यात.

तुमचा ऋणी सासरा,
भिवा पाटील

ता. क. मूळ काम लिहायचं राहिलंच. असा घोटाळा पुन्हा होऊ नये म्हणून सगळ्या नोंदींत 'कल्पिता'च्या जागी 'अमुक' आणि 'रत्नदीप'च्या जागी 'तमुक' करून मिळावे. एक बटण दाबून होतं असं विकी म्हणतो. शिवाय तक्त्यात विधींचा क्रम दाखवणारा एक रकाना वाढवावा, आणि मथळ्याला कुणाचा अंगठा लागणार नाही अशी व्यवस्था व्हावी.

ता. क. २ (दुपारी) पत्र बंद करताना हिने ते हातातून काढून घेऊन वाचलं. वरच्या ता. क.मधला फक्त रकाना आणि अंगठा धरावा. नावं आहेत तशी राहू द्यावीत. ज्यांच्या घरी हळद असेल ते आपली नावं घालून घेतील, असं तिने 'नको' हा एकच शब्द चौकटीत लिहून मला सविस्तर समजावलं आहे. किल्लीबद्दलचं वाक्यही तिने वाचलं. आज जेवायला काय आहे ते अजून कळलेलं नाही.

ता. क. ३ (संध्याकाळी) आत्ताच डॉक्टरांकडून आलो. त्यांनी हळू आवाजात बोलायची परवानगी दिली. पूर्वीसारखं खड्या आवाजात गाता येईल की नाही ते सांगता येत नाही म्हणाले, पण आवाज आहे. रिक्षात ही गप्पच होती. मला वाटलं, इतक्या आठवड्यांनी तोंड उघडणार ती पहिलं माझ्याशी काहीतरी बोलेल. बाळकुम नाक्याला वळताना तिने घसा साफ केला आणि जेमतेम ऐकू येईल एवढ्याने म्हणाली, "जावयाची हलद ऱ्हायलीय."

तेव्हा येत्या रविवारी कल्पिताला घेऊन यावे. पाट मांडून ठेवतो, बादलीतली मुहूर्तमेढ अजून काढलेली नाही. गाणी पोरी म्हणतील, पहिली ओळ ही म्हणणार आहे. चांगला शर्ट घालून येऊ नये.